घोषणा विरते, कायदा राहतो

सुरत शहराच्या आग्नेय कडेला, उधना स्थानकातून जळगावकडे निघालेल्या लोहमार्गाच्या आश्रयाने नवागाम आणि दिंडोली या वस्त्या वाढल्या. एके काळी ही खेडी होती. आज ती महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट लोकवस्ती आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. कोणी यंत्रमागावर उभा राहतो, कोणी रंगाई-छपाईच्या गिरणीत राबतो, कोणी टेम्पो हाकतो. घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी असा तिहेरी व्यवहार येथील माणूस सहज करतो. निवडणुकीचे दिवस आले म्हणजे या तिन्ही भाषांतून घोषणा त्याच्या कानांवर आदळू लागतात, आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्या घोषणांत दहशतवाद हा शब्द वारंवार येत गेला आहे.

ज्याला दिवसाचे बारा तास मागाच्या खडखडाटात काढावे लागतात, त्याचा दहशतवादाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. बाँब रेल्वे स्थानकावर ठेवला जातो, बाजारात ठेवला जातो. तेथे सापडणारा माणूस बहुधा कष्टकरीच असतो. दुसरी गोष्ट अशी की, दहशतवादाच्या नावाने जो कायदा होतो त्याचा अंमलही अशाच वस्त्यांतून अधिक जाणवतो. म्हणून घोषणा कशी जन्मते, तिचे धोरण कसे होते आणि त्या धोरणातून प्रत्यक्ष हाती काय लागते, याचा हिशेब मांडणे हे केवळ पंडितांचे काम नव्हे. ते मतदाराचेही काम आहे.

प्रथम घोषणेविषयी एक न्याय्य गोष्ट सांगितली पाहिजे. घोषणा ही स्वभावतः वाईट नसते. लोकशाहीत जनतेचा आवाज पुष्कळदा घोषणेच्याच रूपाने प्रकट होतो. १९१९ मध्ये रौलट कायदा आला तेव्हा त्याचे सारे स्वरूप ‘ना वकील, ना अपील, ना दलील’ या शब्दांत सामान्य माणसाला कळले. त्या कायद्यामागील रौलट समितीच्या अहवालाचा आरंभच मुंबई इलाख्यापासून होतो, हे महाराष्ट्राने विसरण्यासारखे नाही. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या नियमाखाली चौकशीवाचून स्थानबद्ध करण्यात आले, टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करण्यात आले. गोळी झाडणारे थोडे होते. कायद्याच्या जाळ्याचा घेर मात्र साऱ्या वृत्तपत्रसृष्टीवर पडला. एका भीषण घटनेचा धक्का, त्या धक्क्यातून उठलेली ओरड आणि त्या ओरडीतून जन्मलेला व्यापक कायदा, ही साखळी अशी जुनी आहे. रौलट कायदा १९२२ मध्ये रद्द झाला; साखळी मात्र तुटली नाही.

स्वातंत्र्योत्तर भारतात तिची पुनरावृत्ती १९८५ मध्ये झाली. आदल्या वर्षी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली होती, आणि मे १९८५ मध्ये दिल्लीत व आसपास ट्रान्झिस्टरमध्ये लपविलेल्या बाँबांनी अनेकांचे प्राण घेतले. त्याच महिन्यात टाडा कायदा संमत झाला. त्याची मुदत दोन वर्षांची होती. प्रत्यक्षात तो निरनिराळ्या रूपांत मे १९९५ पर्यंत राहिला. या काळात सुमारे ७६ हजार माणसे त्याखाली पकडली गेली आणि त्यांतील दोन टक्क्यांनाही शिक्षा झाली नाही. विशेष हे की, ज्या पंजाबसाठी हा कायदा प्रामुख्याने केला असे सांगण्यात आले, त्या पंजाबाप्रमाणेच गुजरातेतही त्याचा प्रचंड वापर झाला. या एका राज्यात सुमारे १९ हजार माणसे टाडाखाली पकडली गेली. देशाच्या सीमेवरील बंडासाठी घडविलेले हत्यार आंदोलक आणि संपकरी यांच्यावर चालू लागले. शब्द एकच होता. त्याच्या पोटात काय काय घालता येते, हे अनुभवाने कळले.

सुरतेला या अनुभवाचा फार कडू वाटा मिळाला. १९९३ च्या जानेवारीत वराछा भागात बाँबस्फोट झाला आणि एक शाळकरी मुलगी मृत्युमुखी पडली. एप्रिलमध्ये सुरत रेल्वे स्थानकावर स्फोट होऊन अनेक प्रवासी जखमी झाले. अयोध्येच्या घटनेनंतर सुरतेत उसळलेल्या भीषण दंगलीची राख अजून निवाली नव्हती. अशा वेळी कडक कायदा लावा, गुन्हेगारांना सोडू नका, ही मागणी स्वाभाविकच होती. टाडा लावण्यात आला. खटला पंधरा वर्षे चालला आणि २००८ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना शिक्षा ठोठावल्या. परंतु जुलै २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकराही जणांची मुक्तता केली. टाडासारखा कठोर कायदा लावण्यापूर्वी जिल्हा पोलीस अधीक्षकाची पूर्वसंमती घेतली पाहिजे, अशी अट संसदेनेच कायद्यात घातली होती. तिचे रीतसर पालन झाले नाही, असे न्यायालयास आढळून आले, आणि मग टाडाखालील शिक्षा टिकू शकली नाही.

या निकालाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. न्यायालयाने तांत्रिक मुद्द्यावर गुन्हेगारांना सोडले, असे एक बाजू म्हणते; निरपराध माणसे वर्षानुवर्षे छळली गेली, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजूंच्या घोषणा तयार असतात. पण त्या मुलीच्या आईबापांच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? एकवीस वर्षांनंतर त्यांच्या मुलीच्या मृत्यूस जबाबदार कोण, याचे कायद्याने दिलेले उत्तर शून्य आहे. आरोपी निरपराध असतील तर खरे गुन्हेगार कधी शोधलेच गेले नाहीत. अपराधी असतील तर ते सुटले. दोन्ही शक्यतांत न्याय हरला. ज्या अटी तपासाच्या मार्गातील अडथळे म्हणून हिणविल्या जातात, त्या वस्तुतः शिक्षेच्या इमारतीचा पाया असतात. पाया न घालता उभारलेली भिंत सभेच्या दिवशी उंच दिसते. वरिष्ठ न्यायालयाच्या पहिल्या पावसात ती कोसळते.

सुरतेचेच दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथे हल्ले झाले आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी ‘दहशतवादाविरुद्ध युद्ध’ पुकारले. हा शब्दप्रयोग काही आठवड्यांत जगभर पसरला. त्याच महिन्याच्या अखेरीस भारत सरकारने सिमी या संघटनेवर बंदी घातली. ऑक्टोबरात पोटाचा अध्यादेश निघाला. १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला. देश संतप्त होता, आणि तो संताप अकारण नव्हता. अशा वातावरणात डिसेंबर २००१ च्या शेवटच्या आठवड्यात सुरतेतील एका सभागृहात जमलेल्या १२७ जणांना बंदी घातलेल्या संघटनेची बैठक भरविल्याच्या आरोपावरून अटक झाली. अल्पसंख्याकांच्या शिक्षणाविषयीच्या परिषदेसाठी आपण जमलो होतो, असे त्यांचे म्हणणे होते. खटला रेंगाळत राहिला. आरोपींपैकी पाच जण खटला चालू असतानाच वारले. अखेर ६ मार्च २०२१ रोजी सुरतेच्या न्यायालयाने, विश्वासार्ह पुरावा नाही, असे सांगून उरलेल्या १२२ जणांना निर्दोष सोडले. अटकेच्या दिवशी या प्रकरणाला केवढी प्रसिद्धी मिळाली असेल आणि सुटकेच्या दिवशी केवढी मिळाली, याची तुलना वृत्तपत्राच्या कोणत्याही वाचकाने करावी. घोषणेला अटकेचा आकडा हवा असतो. वीस वर्षांनी येणाऱ्या निकालाशी तिचे काही देणेघेणे नसते.

पोटाची कथाही येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. एका पक्षाने पोटा म्हणजे राष्ट्रनिष्ठेची कसोटी असे वातावरण निर्माण केले. राज्यसभेत विधेयक अडले तेव्हा २६ मार्च २००२ रोजी संसदेचे संयुक्त अधिवेशन भरवून ते ४२५ विरुद्ध २९६ मतांनी मंजूर करून घेण्यात आले. दुसऱ्या पक्षांनी ‘काळा कायदा रद्द करा’ ही घोषणा दिली आणि सत्तेवर येताच २००४ मध्ये पोटा रद्द केला. विजयाचे नगारे दोघांनीही वाजविले. पण त्याच वर्षी पोटातील अनेक महत्त्वाच्या तरतुदी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात घालण्यात आल्या. टाडाला दोन वर्षांची मुदत होती, पोटाला तीन वर्षांची. मुदत संपली की संसदेपुढे पुन्हा यावे लागे. बेकायदा कृत्यांचा कायदा मात्र कायमचा आहे. अर्थात ज्यांनी काळा कायदा घालविल्याचे श्रेय घेतले, त्यांनी त्या कायद्याच्या अंगावरचे मुदतीचे बंधन तेवढे काढून टाकले. घोषणांच्या द्वंद्वात दोन्ही पक्ष जिंकले आणि विचार हरला. पुढे २०१६ ते २०१९ या चार वर्षांत या कायद्याखाली देशभर ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जणांवरील गुन्हे शाबीत झाले, असे सरकारनेच संसदेत सांगितले.

नवागामच्या रहिवाशाला ज्या कायद्याची गाठ अधिक वेळा पडू शकते, तो याहूनही जवळचा आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध मकोका हा कायदा केला. गुजरातने २००३ मध्ये त्याच धर्तीवर विधेयक संमत केले. पण ते राष्ट्रपतींच्या संमतीवाचून परत आले, आणि पुढील सोळा वर्षे ‘गुजरातला दहशतवादविरोधी कायदा नाकारला’ हा विषय व्यासपीठांवर गाजत राहिला. अखेर २०१५ मध्ये नव्याने केलेल्या विधेयकाला नोव्हेंबर २०१९ मध्ये संमती मिळून १ डिसेंबरपासून तो अंमलात आला. त्याच्या नावात दहशतवाद हा शब्द आधी आहे, संघटित गुन्हेगारी नंतर. सुरतेत मात्र त्याचा वापर मुख्यतः खंडणी मागणाऱ्या आणि वस्त्यांवर दादागिरी करणाऱ्या टोळ्यांवर झाला आहे. टोळ्यांच्या जाचातून सुटका झाली तर कष्टकरी माणूस समाधानच मानील. त्याला दोष देता येणार नाही. परंतु वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरणारी तरतूद मागितली गेली ती दहशतवाद्यांसाठी, आणि लागू होते आहे ती गल्लीतील गुंडासाठी. उद्या ती आणखी कोणाला लागू होईल, हे विचारण्याचा अधिकार मतदाराने सोडता कामा नये.

घोषणेचा आणखी एक दोष असा की, ती तपासापूर्वीच गुन्हेगाराचे नाव, नव्हे, त्याची जात आणि धर्मही ठरवून टाकते. खानदेशातील माणसाला मालेगाव परके नाही. सप्टेंबर २००६ मध्ये तेथे शब-ए-बारातच्या दिवशी स्फोट झाले. नऊ मुसलमान तरुणांना मकोकाखाली पकडण्यात आले. पुढे तपासाची दिशाच बदलली आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात पुन्हा स्फोट झाला. या वेळी हिंदू संघटनांशी संबंधित मंडळी पकडली गेली आणि ‘भगवा दहशतवाद’ हा शब्दप्रयोग राजकारणात रूढ झाला. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने त्या सातही आरोपींना पुराव्याअभावी सोडले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या मुंबईतील लोकल गाड्यांच्या स्फोटांप्रकरणी शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्या निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. एका घोषणेने एक समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला, दुसऱ्या घोषणेने दुसरा. दोन्ही बाजूंनी मते मागितली गेली. मालेगावच्या कब्रस्तानात आणि भिक्खू चौकात जे मेले, त्यांना कोणी मारले, या प्रश्नाचे मात्र आजही निर्णायक उत्तर नाही.

हा दोष केवळ भारताचा नाही. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे दोन मद्यगृहांत बाँब फुटले आणि २१ जण मेले. आठ दिवसांत ब्रिटिश संसदेने दहशतवाद प्रतिबंधक कायदा संमत केला. त्याला तात्पुरता म्हटले होते. तो या ना त्या रूपात पंचवीस वर्षे टिकला. सहा आयरिश पुरुषांना जन्मठेप झाली, आणि सोळा वर्षांनंतर, १९९१ मध्ये, ते निरपराध ठरून सुटले. कायदेपंडितांचा देश म्हणून ज्याचा लौकिक, तेथेही संतापाच्या आठवड्यात केलेल्या कामाची ही गत झाली.

मग दहशतवादापुढे राज्यसंस्थेने हात बांधून उभे राहावे काय? मुळीच नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्राचे सहा आणि गुजरातचे तिघे होते. त्या तिघांतील एक सुरतेचा रहिवासी होता. असे रक्त सांडले असता स्वस्थ बसणारे सरकार हे सरकारच नव्हे. प्रश्न कठोरपणाचा नसून, कठोरपणाला दिशा कोण देतो, घोषणा की विचार, हा आहे. ‘रक्त आणि पाणी एकत्र वाहू शकत नाही’ हे वाक्य उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ मध्ये उच्चारले गेले आणि पहलगामनंतर २३ एप्रिल २०२५ रोजी त्याचे धोरण झाले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही टिकलेला १९६० चा सिंधू जलकरार स्थगित झाला. परंतु पश्चिमेकडील नद्यांचे पाणी अडवून ठेवण्यास लागणारी मोठी धरणे आणि कालवे एका दिवसात होत नाहीत. वाक्य उच्चारण्यास एक क्षण पुरतो; त्याला अर्थ देण्यास अभियंत्यांची एक पिढी लागते. यापुढील प्रत्येक दहशतवादी कृत्य हे युद्धकृत्य मानले जाईल, असेही मे २०२५ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, तेव्हा सरकारने ती दहशतवादी घटना असल्याचे मान्य केले आणि काम सोपविले ते राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे. हे योग्यच झाले. घोषणेने युद्ध म्हटले असताही शहाणपणाने तपास निवडला.

विचारपूर्वक केलेल्या कामाची दोन उदाहरणे श्रोत्यांनी स्मरणात ठेवण्याजोगी आहेत. पहिले मुंबईचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी केवळ लाठीनिशी पुढे होऊन कसाबला जिवंत पकडून दिला आणि त्यात स्वतःचे प्राण वेचले. चौकात फाशी द्या, वकील देऊ नका, अशा आरोळ्या तेव्हा उठल्या होत्या. न्यायालयाने त्याला वकील दिला, पुरावा उघडपणे तपासला, मे २०१० मध्ये शिक्षा सुनावली, आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयांनी ती कायम केल्यानंतर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी ती अंमलात आली. याच खटल्यातील दोन भारतीय आरोपी पुरावा अपुरा म्हणून सुटले, आणि या सुटकेमुळेच कसाबच्या शिक्षेला जगात मान मिळाला. चार वर्षांत न्याय झाला. त्यावर कोणालाही बोट ठेवता आले नाही.

दुसरे सुरतेचेच. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोटांची मालिका होऊन ५६ माणसे मेली. त्यापाठोपाठ सुरतेच्या रस्त्यांवर पंचवीसहून अधिक बाँब सापडले. सुदैवाने त्यांतील एकही फुटला नाही. दोन्ही शहरांचे गुन्हे एकत्र करून दीर्घ खटला चालला. फेब्रुवारी २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी ३८ जणांना मृत्युदंड आणि ११ जणांना जन्मठेप दिली, आणि २८ जणांना सोडले. मृत्युदंडाच्या पुष्टीसाठी प्रकरण कायद्याप्रमाणे उच्च न्यायालयाकडे गेले. तेरा वर्षांहून अधिक काळ हा फार मोठा आहे. पण आरोपी आणि आरोपी यांत फरक करण्याची तसदी येथे घेतली गेली. सभेतील घोषणेला ही तसदी कधीच परवडत नाही.

कायदा होण्याच्या टप्प्यावरही विचाराला वाव मिळू शकतो. ‘शहरी नक्षलवाद’ या शब्दप्रयोगाच्या गजरात महाराष्ट्राचे जनसुरक्षा विधेयक २०२४ मध्ये आले. ते संयुक्त समितीकडे गेले, तिच्याकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने ते मंजूर केले तेव्हा विधेयकाच्या हेतूची शब्दरचना पहिल्यापेक्षा मर्यादित झाली होती. ती पुरेशी मर्यादित झाली की नाही, याविषयी मतभेद राहिले. परंतु नागरिकाने पत्र लिहिले तर कायद्यातील शब्द हलू शकतो, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

तेव्हा नवागामच्या चौकात उभा राहून भाषण ऐकणाऱ्या माणसाने वक्त्याला तीन साधे प्रश्न विचारावेत. या कायद्यात दहशतवादी म्हणजे नेमका कोण? त्याची मुदत कधी संपते आणि तेव्हा हिशेब कोण देणार? आणि मागील कायद्याखाली किती पकडले, हे नव्हे, तर किती खरे गुन्हेगार अखेरच्या न्यायालयापर्यंत दोषी ठरले? या प्रश्नांना संस्कृतप्रचुर पांडित्य लागत नाही की कायद्याची पदवी लागत नाही. गिरणीत ताग्यांचा हिशेब ठेवणारा कामगार किती कापड विणले यावर थांबत नाही. त्यातले किती पास झाले, हे तो विचारतोच, कारण त्यावर त्याची मजुरी ठरते. राज्यकारभाराला हाच मापदंड लावला पाहिजे.

व्यासपीठ उतरते, कनाती गुंडाळल्या जातात, ध्वनिक्षेपक दुसऱ्या गावी जातो आणि घोषणा हवेत विरून जाते. कायदा मात्र ठाण्यातील कपाटात, न्यायालयाच्या दप्तरात आणि तुरुंगाच्या दारावर मागे राहतो. वराछात मेलेल्या त्या मुलीला घोषणेने काही दिले नाही, आणि सभागृहातून उचललेल्या त्या १२२ जणांची वीस वर्षेही परत केली नाहीत. दहशतवादाचा खरा पराभव होतो तो गुन्हेगार निश्चितपणे ओळखला जातो, त्याच्यावरील गुन्हा निःसंशय शाबीत होतो आणि निरपराध माणूस रात्री निर्भयपणे झोपतो तेव्हा. हे तिन्ही मागण्याचा हक्क मतदाराला आहे, आणि याहून कमी पत्करण्याचे त्याला काहीच कारण नाही.